काळीज असलेलं 'तुम्ही'

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुबईच्या जबल अलीतल्या वाळूसारखे ते आपोआप साठतात. सकाळी खिडकीची चौकट पुसावी आणि दुपारी चहाचा कप ठेवायला जावं, तर बारीक थर पुन्हा तयार असतो. आमच्या ऑफिसातले बहुतेक किस्से मात्र एकाच शब्दाचे आहेत. आणि तो शब्दही आपला नाही, चिनी आहे.

मी एका चिनी कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. नळ, शॉवर, बेसिन असला माल जहाजाने येतो, आमच्या गोदामात उतरतो आणि इथल्या हॉटेलांना जातो. मालक चेन सर दक्षिण चीनमधले. डिस्पॅच बघतो विल्सन, वसईचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. बायको गेल्यावर मुलीला, क्लाराला, त्यानेच वाढवलं. ती आता इथेच कॉलेजात आहे. आणि चौथ्या झाओ मॅडम, बीजिंगच्या, आमच्या दुभाषी. एकट्या राहायच्या. इतकी वर्षं दुबईत काढून हिंदी त्यांना छान कळायचं. मॅडम, विल्सन आणि मी ऊद मेथाच्या आसपास राहायचो, म्हणून रोज विल्सनच्या गाडीने एकत्र यायचो.

*

एकदा चेन सरांच्या मनात आलं, की भारतीय स्टाफला थोडं चिनी यायला हवं. झाओ मॅडम जेवणाच्या सुट्टीत शिकवायला लागल्या. बाहेर पांढरं ऊन, आत एसीची एकसुरी घरघर आणि उघड्या डब्यांचा वास. निम्मे लोक पेंगायचे. विल्सन तेवढा जागा असायचा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, 'नी' म्हणजे तू आणि 'नीन' म्हणजे तुम्ही. मग फळ्यावर 'नी'चं अक्षर काढलं आणि त्याच्या खाली आणखी एक छोटं चिन्ह. ते चिन्ह काळजाचं. तूच्या खाली काळीज ठेवलं, की त्याचं तुम्ही होतं.

विल्सन हिंदीत म्हणाला, "हमारे घर में माँ को भी तू बोलते हैं, मॅडम. काळीज आतच असतं, काढून खाली ठेवत नाहीत."

शेवटचं वाक्य मराठीत घसरलं, ते मी मॅडमना समजावून सांगितलं. त्या फळ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या, आणि फळा पुसायचं विसरून गेल्या. ते अक्षर आठवडाभर तिथेच होतं.

*

विल्सनने स्वतःपुरता एक सोपा नियम केला. सगळ्यांना नीन म्हणायचं, म्हणजे चुकायची भीती नाही. आपण नाही का इथे टॅक्सीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना 'आप' म्हणून मोकळे होतो, तसं.

गोदामात मा नावाचा एक चिनी फोर्कलिफ्ट ड्रायव्हर होता. विल्सनने त्याला नीन म्हणून अगदी शुद्ध चिनीत सांगितलं, की बेसिनची खोकी डावीकडे ठेवा. मा नुसता बघत राहिला. मग त्याने मान वळवून मागे पाहिलं, आपल्या पाठीशी कोण मोठा माणूस येऊन उभा राहिला ते शोधायला. मागे भिंत होती.

विल्सनने वाक्य पुन्हा म्हटलं. मा फोर्कलिफ्टवरून खाली उतरून उभा राहिला. खोकी जागच्या जागी.

शेवटी मॅडमना बोलावलं. त्यांनी नीन काढून नी घातलं, बाकी वाक्य तेच ठेवलं, आणि खोकी एका झटक्यात डावीकडे गेली.

"तुमचं वाक्य बरोबर होतं," मॅडम विल्सनला म्हणाल्या. "पण तो नीनपाशीच अडकला. पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही."

मला ते लगेच पटलं. उद्या आमच्या एचआरने मला "आपण जरा आत यावं" असं म्हटलं, तर मला त्यातलं 'आत यावं' ऐकू येणार नाही. नोकरी गेली, एवढंच ऐकू येईल.

*

याच्या उलट गोष्ट चेन सरांची. त्यांच्याकडे दक्षिणेत बोलताना नीन फारसं कुणी वापरत नाही. ते सगळ्यांना नी म्हणायचे, आणि ते प्रेमानेच म्हणायचे.

एका मोठ्या हॉटेलसाठी खरेदी करणारे एक वयस्कर चिनी गृहस्थ आले, बीजिंगचे. त्यांची ऑर्डर मिळाली नसती तर आमच्यापैकी काही जणांना घरी जावं लागलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चेन सर उत्साहाने बोलत होते आणि म्हातारेबुवा गप्प होते. मधूनच "काय म्हणालात?" असं विचारायचे. सर पुन्हा सांगायचे. पुन्हा "काय म्हणालात?" मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं.

मग झाओ मॅडम हळूच पुढे सरकल्या. सरांचं वाक्य संपलं, की तेच वाक्य त्या पुन्हा म्हणायला लागल्या. शब्दाला शब्द तोच, फक्त नीच्या जागी नीन. म्हातारेबुवांना एकदम सगळं ऐकू यायला लागलं. ते मान डोलवायला लागले, चहा प्यायले, नळ उघडून बघितले. ऑर्डर मिळाली.

पाहुणे गेल्यावर सर खुर्चीत टेकले आणि विल्सनला म्हणाले, की चिनीतून चिनीत भाषांतर करायला पगार देणारा दुबईतला पहिला मालक मीच असेन.

*

मॅडमचा मोठा भाऊ बीजिंगहून फोन करायचा. परत जाताना गाडीतच त्यांचं बोलणं चालायचं. आम्ही पुढे-मागे बसलेले, बाहेर मेट्रोचे खांब एकामागून एक सरकत असायचे. सुरुवातीला मॅडम त्याला नी म्हणायच्या, हसायच्या. पण त्या हिवाळ्यात एक दिवस मला नीन ऐकू आलं. मग रोजच.

मी विचारलं, भाऊ मोठा आहे म्हणून का? त्या म्हणाल्या, "नाही. आमच्याकडे रागावलं की दार आपटत नाहीत. नीन म्हणतात."

भावाचं म्हणणं होतं, की आता परदेश पुरे, घरी ये. मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. चेन सरांनी ते वाढवायची तयारी दाखवली होती, पण मॅडमनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. हे त्यांनी गाडीत सांगितलं त्या दिवशी विल्सनकडून आमची एक्झिट चुकली आणि वळसा घालून यावं लागलं. इतक्या वर्षांत त्याच्याकडून असं कधी झालं नव्हतं.

दार न आपटण्याची ही युक्ती मी घरी करून पाहिली. नवऱ्याला मी तूच म्हणते. त्या संध्याकाळी म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या, मला वेळ लागेल." तो टीव्ही बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. भांडण काही नव्हतंच, पण तो आठवत होता, की आपलं नेमकं काय चुकलं. मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि म्हणाला, "आई, व्हाय सो पोलाइट? इज बाबा इन ट्रबल?"

*

आता शेवटचा किस्सा, आणि हा मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेला नाही.

जानेवारीत दुबईला पहाटेचं धुकं पडतं, तसं त्या सकाळी पडलं होतं. शेख झायेद रोडवर गाड्या दिवे लुकलुकवत अगदी सावकाश चालल्या होत्या. दोन्ही बाजूच्या टॉवरांचे नुसते पाय दिसत होते, वरचं सगळं विरघळून गेलेलं. आपण रस्त्यावरून चाललोय की पाण्यावरून, कळत नव्हतं. मॅडम विल्सनच्या शेजारी बसल्या होत्या, मी मागे. मला वाटतं, त्या धुक्यात मी गाडीत आहे हेच दोघं विसरले होते.

मॅडम हिंदीत सांगत होत्या, की भावाने तिकीट काढलंय, पुढच्या आठवड्याचं. बीजिंगला आता बर्फ असेल. आईची खोली त्याने रंगवून घेतली आहे. विल्सन ऐकत होता. समोरच्या ट्रकचे लाल दिवे विरले, मग पुन्हा दिसले.

मॅडमशी विल्सन तोवर कधीही नीनशिवाय बोलला नव्हता. धडा घेताना नाही, चहा विचारताना नाही. त्या त्याला हसायच्याही त्यावरून.

तो समोर बघतच चिनीत म्हणाला, "नी ब्ये झोउ."

तू जाऊ नकोस. पहिल्या महिन्यातले तीन शब्द. मलाही कळले.

 मॅडमनी तोंड खिडकीकडे वळवलं. काचेपलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नसावं. विल्सनलाही तसंच वाटलं असणार, कारण त्याने पुन्हा बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी न बघताच हात किंचित वर केला, थांब म्हणून. तो थांबला.

बंदराकडून कुठल्यातरी जहाजाचा भोंगा आला, लांबून, कापसातून यावा तसा. गाडी जबल अलीच्या वळणाला लागली. गोदामांची छपरं एकेक करून धुक्यातून वर यायला लागली, आमचंही आलं. विल्सनने गाडी सावलीच्या पत्र्याखाली लावली, इंजिन बंद केलं, आणि हात स्टिअरिंगवरच ठेवले.

मग मॅडम बोलल्या, चिनीतच, धडा देताना बोलायच्या तितक्या सावकाश. त्यांनी विचारलं,

"क्लारा मला काय म्हणेल, नी की नीन?"