रिकामी जागा

विद्यापीठाच्या नव्या आराखड्यावर, आमच्या क्वार्टर्ससमोर, जिथं ‘मोकळी जागा’ लिहायचं होतं तिथं मी ‘रिकामी जागा’ लिहून ठेवलं. अक्षर मात्र सुरेख. बांधकाम विभागात माझं नाव होतं ते तेवढ्यासाठीच.

दोष दुष्काळावर ढकलायची सोय आहे. त्या उन्हाळ्यात घरात सकाळपासून एकच शब्द कानावर पडायचा. टाकी रिकामी, हंडा रिकामा, टँकर आमच्या दारापर्यंत येतो तोवर तोही रिकामा. हात बिचारा ऐकलेलंच लिहिणार.

त्या जागेत कडुलिंबाची झाडं होती. आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा बायकोनं लावलेली. ती सिल्लोडकडची, दारात लिंब नसला की तिला घर परकं वाटतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि दिवस कलला की झाडांना घालायची. एकदा मी त्या पाण्यानं पाय धुतले.

“झाडाचं पाणी हाय ते. पिऊन आले व्हय?” एवढंच म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून आत नेली.

नव्या आराखड्यात झाडं राहतील, असं मी तिला छातीठोक सांगून बसलो होतो. नकाशा काढणारा घरातलाच, मग भीती कसली?

बैठकीत मोठ्या साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. शहर वाढलेलं, पोरं पार वाळूजपासून यायची आणि प्रत्येकाच्या बुडाखाली गाडी.

“एवढी जागा रिकामी? आणि पार्किंग काय माझ्या डोक्यावर करता?”

“साहेब, रिकामी नाही. मोकळी आहे.”

“फरक काय हो?”

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यात मी कधी मागं राहत नाही.

मोकळी जागा कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असते. रिकामी नुसती उरलेली असते. हे उत्तर मला सुचलं ते घरी येताना, फाटकाची कडी काढता काढता. तिथं ऐकायला कुणी नव्हतं. झाडं होती.

पाऊस यायच्या आधीच झाडं तोडली. पेव्हर ब्लॉक बसले. मग गाड्या उन्हात तापतात अशी तक्रार आली, म्हणून वर पत्रे टाकायचं ठरलं. त्या शेडचा नकाशाही मीच काढला. अक्षर सुरेख.

झाडं गेली त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा घरी गेलो. ती ओरडेल, निदान शब्दानं शब्द तरी वाढेल, अशी तयारी करून. ती उंबऱ्यात उभी होती. हातात बादली. सवयीनं साठवलेलं पाणी, तांदळानं पांढुरकं झालेलं. समोरच्या ओंडक्यांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळली.

“अहो,” ती म्हणाली, “हे आता कुठं टाकू?”