उर्फ अर्धा कोयता

गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोरच तो फ्लेक्स दिसला. वर आमच्या भागाचे पुढारी, म्हणजे साहेब, त्यांचा भला मोठा फोटो, हात जोडलेला. त्याखाली साहेबांच्या दोन्ही मुलांचे फोटो, मग माझ्या काकांचा, कारण काका साहेबांचे जुने कार्यकर्ते. आणि मधोमध, गॉगल लावून, बाह्या चढवून, माझा चुलतभाऊ. खाली लिहिलं होतं, 'राक्षसयुद्ध स्पर्धेचे विजेते, गावाचे भूषण', मग त्याचं नाव आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'उर्फ अर्धा कोयता'. हार्दिक अभिनंदनला दोन उद्गारचिन्हं.

एसटी धूळ उडवत चकलांब्याकडे निघून गेली तरी मी तिथंच उभी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती वाटेत आधी कानात थांबते, हे मला त्या दिवशी कळलं.

कारण अर्धा कोयता मी आहे. तो नाही.

हे जरा बैजवार सांगायला हवं. हा मोबाईलवरचा खेळ. त्यात राक्षस पाळायचे आणि झुंजवायचे. राक्षस म्हणायला राक्षस, निम्मे तर दिसायला मांडीवर घेऊन बसावं असे. आपण सहा पाळायचे, त्यातले चार मैदानात न्यायचे, आणि एका वेळी आपले दोन त्यांच्या दोघांसमोर. एकेक राक्षस ढीगभर चाली शिकू शकतो, पण जवळ चारच बाळगता येतात. त्या चार कोणत्या ठेवायच्या, त्याला मूव्हसेट म्हणतात, आणि सगळी अक्कल तिथं लागते. झुंज घडीभरात संपते. टीम बांधायला महिने जातात. पण लोकांना वाटतं, बटणं दाबतो तो जिंकतो.

मी बीडला एम.एस्सी. करत होते, संख्याशास्त्रात. खोलीवर नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. हंडे रांगेत लावून आम्ही मुली वाट बघत बसायचो, आणि तेवढ्या वेळात मी टीम बांधायचे. ज्याला त्याला वेगवान राक्षस हवा असतो, कारण जो वेगवान तो आधी मारतो. पण खेळात अशीही एक चाल आहे की ती टाकली की थोडा वेळ सगळं उलटं होतं. जो सगळ्यात हळू, तो सगळ्यात आधी मारतो. मी माझी टीम त्या एका चालीवर उभी केली. त्यात मुख्य जोडी दोघांची. एक दगडाचा गोळा, उसानं भरलेल्या टायरगाडीसारखा जड. हलायचा नाही, पण हलला की समोरचा आडवा. आणि त्याच्या शेजारी एक बारकुडी, मोठ्या कानांची. तिला मी मारायची एकही चाल दिली नाही. सगळं उलटं करायची चाल तिची. समोरच्यांचे सगळे घाव स्वतःवर ओढून घ्यायची तिची. जोडीदाराचा जोर वाढवायची तिची. चौथी ढाल.

चुलतभावानं ती बघितली तेव्हा म्हणाला, "हिला एकतरी मारायची चाल दे की. नुसतीच उभी ऱ्हायलीय."

मी म्हटलं, "सगळं काम तीच करायलीय."

"लई हुशार हाईस," म्हणाला आणि हसला.

ही जोडी मी कुठल्या व्हिडिओवरून उचललेली नाही. ज्यांच्या घरातलं कुणी ऊसतोडीला गेलंय त्यांना ती आपोआप कळेल. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको जोडीनं तोडीला जातात आणि मुकादम त्या दोघांना मिळून एक कोयता धरतो. तो तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते, फळीवरून ट्रकात चढते. आणि जोडीदाराशिवाय जो जातो तो अर्धा कोयता.

मी शाळेत असताना एका हंगामात वडिलांची कंबर धरली ती सुटेचना. आई टोळीबरोबर एकटी गेली. तोडलं तिनं, बांधलं तिनं, वाहिलंही तिनंच. आणि मुकादम तिला अख्खा हंगाम नावानं हाक न मारता 'ए अर्धा कोयता' म्हणायचा. पाडव्याला ती परत आली तर गावातल्या बायकांनीही तेच उचललं. पाण्याला गेली की, "आला गं अर्धा कोयता, सरका." आई त्यांच्याबरोबर हसायची. मी काकांच्या घरी राहून शाळा करत होते, आणि मला हसू येत नव्हतं. मला एकेकीच्या घागरीला दगड मारावासा वाटायचा. पुढं कितीतरी वर्षांनी या खेळानं विचारलं, खात्याला नाव काय ठेवू? मी विचार न करता इंग्रजी अक्षरांत तेच टाइप केलं. म्हटलं, आता हे नाव घेऊन एकेकाला आडवं करते.

तर संभाजीनगरला स्पर्धा होती. नेमकी त्याच दिवशी माझी तोंडी परीक्षा आली. महिनोन् महिने बांधलेली टीम मोबाईलमध्येच कुजणार म्हणून जीव तुटत होता. चुलतभावाला वेळच वेळ. साहेबांच्या गाडीमागं फिरणं हे ज्याचं काम, त्याला एक दिवस काढायला कितीसं लागतं? मी त्याला माझं खातं दिलं आणि एकच अट घातली: टीम बहिणीची आहे, एवढं सांगायचं. "सांगतो की. त्यात काय," म्हणाला.

प्रत्येक झुंजीआधी त्याचा फोन. "आता कोण काढू?" मी परीक्षेच्या खोलीबाहेर उभी राहून सांगत होते. दगड आणि बारकुडी आधी काढ. पहिल्यांदा उलटं कर. घाई करू नकोस. तो जिंकत गेला, शेवटची पण जिंकला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात नाचले. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला होता. मग मोबाईलवर त्याचा ढाल घेतलेला फोटो आला. खाली लिहिलेलं, 'मेहनतीचं फळ'.

मेहनत! आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून फोटो.

फोन केला. "माझं सांगितलंस का?"

"अगं, घरातल्या घरात कशाला नाव पायजे? तुझं माझं येगळं हाय का?"

आमच्या घरात जे जे वेगळं नसतं, ते शेवटी त्याच्याच खिशात सापडतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी प्रत्येक वेळी नव्यानं संताप येतो.

फ्लेक्सवरची भानगड मात्र त्याच्याही ध्यानीमनी नव्हती. बीडच्या फ्लेक्सवाल्यानं त्याच्याकडं पुरावा मागितला, यानं जिंकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर विजेता म्हणून माझ्या खात्याचं नाव. फ्लेक्सवाल्याला वाटलं, असेल गड्याचं टोपणनाव. आमच्या जिल्ह्यात उर्फ नसलेला कार्यकर्ता शोधून सापडायचा नाही. त्यानं उर्फ लावून ठोकून दिलं. आता वय तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा पोरगा, आणि त्याच्या फोटोखाली लिहिलंय की हा जोडीदारणीशिवायचा आहे. गावाला एवढं पुरे. पाराजवळून जाताना मीच ऐकलं, "काय बे अर्धा कोयता, जोडी कवा जमायची?"

काकांच्या घरात पाऊल टाकते तोच चुलतभाऊ माझ्यावर धावून आला. "ते नाव बदल आधी. पुण्याला ह्या नावानं जाऊ का मी?"

पुण्याला! जिंकणाऱ्या खात्याला पुण्याच्या मोठ्या फेरीत जागा होती, आणि तिथं मी जाणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कुणाला विचारायचंही सुचलं नव्हतं. तो जाणार, हे मला त्याच्या तोंडून असं कळलं.

"पुण्याला मी जाणार," मी म्हटलं. "आणि नाव बदलणार न्हाई."

"तू कशाला? तितं समदी पोरं असत्यात. मी जातो, तू फोनवर सांग. गेल्या बारीला काय झालं? जमलंच की."

काका खाटेवरून म्हणाले, "संध्याकाळचा कार्यक्रम होऊ द्या, मग बघू. साहेब यायलेत." आमच्याकडे 'मग बघू' म्हणजे ठरलं, आणि ते तुझ्याविरुद्ध ठरलं.

हनुमान जयंतीच्या सप्ताहाचा मांडव उभाच होता, त्यातच सत्कार. साहेब उशिरा आले. भाषणात म्हणाले, आपल्या देवादिकांनीही राक्षस मारले, आणि या तरुणानं ती परंपरा मोबाईलवर चालू ठेवली. टाळ्या. राक्षस मारायचे नसतात, पाळायचे असतात, हे त्यांना सांगणार कोण? सत्कारमूर्तीच टाळ्या वाजवत होता. मग निवेदकानं माईकवर पुकारलं, "आता भगिनी येऊन विजेत्या बंधूंचं औक्षण करतील." भगिनी म्हणजे मी. काकूनं ताट हातात दिलं आणि मागून ढकललं.

माझ्याच टीमच्या जिवावर जिंकलेल्या माणसाला मी ओवाळायचं. तो पाटावर बसून टोपी नीट करत होता. तेवढ्यात मागच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, "अर्धा कोयताऽऽ!" आणि सगळा मांडव खो खो हसला.

माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. आई तिथं बसली होती. ती मळ्याच्या वाटेनं आली होती. फाट्यावरचा फ्लेक्स तिनं बघितलेला नव्हता, उर्फबिर्फ काही तिला ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच ऐकलं की कुणीतरी अर्धा कोयता म्हणालं आणि गाव हसलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. तिला वाटलं, तिलाच हसले.

ते मला सोसलं नाही. मी ताट साहेबांपुढच्या टेबलावर नारळांशेजारी ठेवलं आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला. त्याला वाटलं असेल, बहीण दोन शब्द बोलणार. बोललेच.

"अर्धा कोयता मी हाय. राक्षस माझे, चाली माझ्या. ह्यानं बटणं दाबली. खोटं वाटत असंल तर इचारा ह्याला, त्यातली एक एकदाबी मारत न्हाई, ती कावून ठेवली?"

चुलतभाऊ पाटावर बसल्या बसल्या साहेबांकडं बघायला लागला. मग म्हणाला, "ती... ती लकी हाय."

मघापेक्षा मोठा हशा झाला. साहेबांनी आयुष्यात पुष्कळ निवडणुका बघितलेल्या. ते ताडकन उठले, "वा! ही खरी नारीशक्ती!" म्हणाले, माझ्याही हातात नारळ दिला आणि फोटोला उभे राहिले. त्या नारळाचा मला जितका राग आला तितका फ्लेक्सचाही आला नव्हता. जे माझंच होतं ते मी ओरडून मागितलं, तर ते मला बक्षीस म्हणून मिळालं.

काकांच्या घरी जायची सोय उरली नव्हती. "भर मांडवात नाक कापलंस," ते मांडवाच्या दारातच कडाडले. मी आईबरोबर आमच्या घरी आले. तिनं चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. मी मनाची तयारी केली होती की आता ती म्हणणार, जाऊ दे, घरातल्या घरात. तिनं आयुष्यभर तेच म्हटलेलं. आणि तसं म्हणाली असती तर मी तिच्याशीही भांडणार होते.

"ते नाव त्या खेळात तू घातलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"कावून?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तुला म्हणायचे ना. म्हणून."

तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं. आई चिडलेली मी क्वचित बघितली आहे, आणि माझ्यावर तर नाहीच.

"मुकादमानं म्हणलं ते म्हणलं. त्याला अर्ध्याचे पैशे द्यायचे व्हते. बाया हसल्या, त्या बाया हाईत. पर तूबी अर्धंच लिव्हलंस?" तिचा आवाज चढला. "ऊस मी तोडला. पाचट मी काढलं. मोळ्या मी बांधल्या, डोक्यावर घिऊन फळीवरनं मीच चढले. ह्यात अर्धं काय व्हतं? सांग की. शिकलीस ना तू?"

इतकी वर्षं मी ज्या शब्दावर दात-ओठ खात होते, तोच शब्द मी स्वतःच्या कपाळावर चिकटवून मिरवत होते, आणि वर त्याचा अभिमान बाळगत होते. मांडवात सगळ्यांवर ओरडायला निघालेली मी, चुलीपुढं बसून लाकडं आत सारत राहिले. तिनं भाकरी उलटली, आणि खेळात नाव बदलता येतं का, असं विचारलं. येतं म्हटलं. "मग बदल," म्हणाली, "आन् जेव."

सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत होते. फ्लेक्स तसाच होता. चुलतभाऊ मोटारसायकलवर आला, थांबला, जमिनीकडं बघत म्हणाला, "बदललं का नाव?"

"बदललं. पासवर्डबी."

त्याचं तोंड उतरलं. पासवर्ड बदलला म्हणजे पुण्याला कोण जाणार, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. थोडा वेळ त्यानं गाडीचा आरसा पुसला.

"काय ठेवलं मग?"

"कोयता," मी म्हटलं, आणि एसटीला हात केला.