उकळलेली वाळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आईला सांगायला हवं होतं — ती आता नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, सुषमाच्या हातचा चहा घेणार नाही.

मी साकोलीला शाळेत विज्ञान शिकवतो. पाच वर्षांपूर्वी मला समुद्री टँकचं वेड लागलं. साधे मासे नाहीत — खारं पाणी, प्रवाळ. समुद्रापासून इतक्या लांब हे कायले, असं आई विचारायची. मला तरी कुठे ठाऊक होतं? दिवाणखान्यात काचेची टाकी आली आणि वाळूपाशी माझं अडलं.

वाळूची आमच्याकडे वाण नाही, वैनगंगा जवळच आहे. पण ती वाळू या कामाची नाही. मी बशीत दोन्ही वाळू घेऊन व्हिनेगर टाकून पाहिलं होतं. नदीची वाळू नुसती भिजली, प्रवाळाची पांढरी वाळू फसफसली. तीच हवी होती, चुन्याची. नागपूरला एक गृहस्थ आपला टँक मोडत होते, त्यांनी वापरलेली वाळू बादलीभर दिली. तिच्यात दगडांचे तुकडे होते, आणि काही तुकड्यांवर शर्टाच्या बटणासारखे तपकिरी जीव चिकटलेले.

त्या माणसाने बादलीवर हात ठेवला. मला तो हात अजून दिसतो.

"सर, हे बटणं वेचून फेका, हातमोजे घालून. थंड पाण्यानं धुवा. उकळू तर नकाच. याची वाफ लय जहरी असते."

मी हो म्हणालो. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायचा मोह होईल.

रविवार होता. श्रावणातली झड लागलेली, स्वयंपाकघराची खिडकी बंद. आईने सात्या केल्या होत्या — पावसाळ्यात आमच्याकडे रानात उगवणारी अळंबी. शहापूरहून मामाने पाठवलेल्या. मला सात्या आवडत नाहीत. आई आणि सुषमा, दोघीच जेवल्या, मुलगी तेव्हा मावशीकडे होती. मग आई बाहेरच्या खोलीत आडवी झाली.

बादलीतल्या वाळूला वास यायला लागला होता. बटणं मी वेचली होती — बरीचशी. सगळी नाही. कंटाळा आला. उकळी दिली की सगळं मरेल, थोड्याशा वाफेनं काय होणार आहे, असं वाटलं. वाटलं की मी वाटून घेतलं? मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि दिवाणखान्यात पंप जोडत बसलो. सुषमा स्वयंपाकघरातच, मोरीवर भांडी घासत होती; पातेल्यात नुसती वाळू आहे, एवढंच तिला ठाऊक.

अर्ध्या तासाने ती दारात आली. तोंडात लोखंड चघळल्यासारखं वाटतंय म्हणाली. मग खोकायला लागली आणि खाली बसली. तिचे हात थरथरत होते.

मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी काय केलं? तिला ओसरीवर बसवलं, तोंडाला टॉवेल बांधून आत गेलो, गॅस बंद केला, पातेलं मागच्या नालीत ओतलं. इथवर कुणीही केलं असतं. पण मग मी ते पातेलं घासत बसलो. ओटा पुसला. बादली धुतली. राहिलेली वाळू पोत्यात बांधून मागे टाकली. दहा मिनिटं? पंधरा? ओसरीवरून सुषमाचा आवाज येत होता — "अजी, चला ना. मले श्वास नाही येऊन राहिला." मला तो ऐकू येत होता. मी घासत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. मी म्हणालो, "सात्या. रानातल्या. आईनं केल्या होत्या."

त्यांनी हेही विचारलं — घरात कसला धूर, फवारा, औषध? मी नाही म्हणालो. तिला भंडाऱ्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरांना पटत नव्हतं, सात्यांनी असा खोकला येत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिच्या नाकाला ऑक्सिजन, ती माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांच्या हातात कागद दिसला की वाटायचं — याच कागदावर सगळं लिहून आलं असणार. पोलीस येतील. शाळेत कळेल. ती मरेल, याची भीती होती. पण ती एकटीच भीती नव्हती, हे मी कुठे लपवू?

सुषमा वाचली. आईला काहीच झालं नव्हतं, तेव्हा एखादी विषारी सुषमाच्याच पानात आली असेल, असं सगळ्यांनी धरलं. ती जिना चढताना अजून थांबते.

तिचा भाऊ तुमसरहून आला आणि आईला नको ते बोलला. मी मध्ये पडलो नाही. त्यानंतर आईने चुलीला हात लावला नाही. मुलीच्या डब्यात काही घालायची तर आधी सुषमाकडे बघायची. सहा महिन्यांनी ती शहापूरला मामाकडे राहायला गेली. सुषमाच्या मनात राग नाही. ती आजही लोकांना सांगते — सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, त्यांचा काय दोष. मी शेजारी बसून ऐकतो. टँक मी केव्हाच विकला. मुलगी आता बारावीला आहे, जीवशास्त्र घेतलंय. ती काही शोधत मोबाइलवर वाकली की मी मागून जाऊन पडद्यावर काय आहे ते बघतो.

दोन वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी भेटायला गेलो. मामी बाहेर होती. आईने माझा हात धरला.

"बाबू, मी एकेक पारखून घेतली होती रे. लहानपणापासून वेचल्या म्या सात्या. मंग कशी चुकली असन मी? तुले काय वाटते?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

"होते असं कधीकधी, आई," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "हो. माह्या डोळ्याचाच दोष असन."

मी तिची उशी सरळ केली आणि चारची बस धरून साकोलीला आलो. ती त्याच आठवड्यात गेली.