अक्काचं वाक्य

मी कंपनीत पेंटर होतो. मशीनभोवतीच्या पिवळ्या पट्ट्या, जायच्या-यायच्या वाटेचे बाण, ‘हात घालू नये’ अशा पाट्या रंगवणं हे माझं काम. सुट्टीच्या दिवशी शहरात, संत तुकाराम नगरातल्या खोलीत चित्रं काढायचो आणि नाटकं लिहायचो, आमच्या चाकणकडच्या गावात बोलतात त्या बोलीत. मला प्रमाण मराठी येत नाही असं नाही, हे त्याच भाषेत लिहितोय. पण माझी माणसं तशी बोलत नाहीत.

अक्का माझी थोरली बहीण. पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती प्रेस मशीनवर होती. एका दुपारी मशीन अवेळी खाली आलं आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. काम पटापट उरकावं म्हणून मालकानं सुरक्षेचा सेन्सर बंद करून ठेवला होता. कागदावर मात्र चूक अक्काची दाखवली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, “माजी बोटं कुटं ठिवली?”

या सगळ्यावर मी नाटक लिहिलं. प्रत्येक प्रवेश अक्काला वाचून दाखवला. ती मध्येच थांबवायची. “न्हाई रं, मुकादम आसं न्हाई म्हनला. त्यो माज्याकडं बघतच नव्हता.” मी खोडायचो, पुन्हा लिहायचो. त्यात वर्ष गेलं.

शहरातल्या एका हौशी संस्थेनं नाटक स्पर्धेसाठी मागितलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मागचा पडदाही मीच रंगवून दिला. आमचं स्लॅबचं घर, वर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, निळी पिंपं, जिन्याखाली दाटीनं लावलेल्या मोटारसायकली.

दिग्दर्शक तिशीतला, हुशार पोरगा. पडदा बघून म्हणाला, “काका, यात गाव कुठंय?”

“हेच गाव आहे,” मी म्हणालो.

तो हसला. मी ते हसणं मनावर घेतलं नाही, ही माझी चूक.

प्रयोगाला अक्काला घेऊन गेलो. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, उजवा हात पदराखाली. पडदा उघडला तर मागे झोपडी आणि बैलजोडी! माझा पडदा त्यांनी लावलाच नव्हता. आणि डॉक्टर, मालक, वकील सगळे शुद्ध बोलत होते. मी त्यांना आमचंच बोलणं दिलं होतं, कारण आमच्याकडचे डॉक्टर-वकील आमच्याच गावातले असतात. आता फक्त अक्का आणि तिच्यासोबतच्या बायका बोलीत बोलत होत्या, त्याही कमरेवर हात ठेवून, हेल काढून.

मग ते वाक्य आलं. नटीनं डोळे मोठे केले आणि ‘कुटं’ लांबवून म्हटलं. सगळं नाट्यगृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या.

अक्का माझ्या कानाशी आली. “मी ह्ये म्हनले तवा नर्सबाई रडल्या व्हत्या. ह्ये का हसत्यात?”

तो हशा मला आजही ऐकू येतो.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेलो. “ही बाई विनोदी आहे का?” मी ओरडलो.

“काका, ग्रामीण बोली आली की लोक हसतातच,” दिग्दर्शक म्हणाला. “रिस्पॉन्स आहे तो. तुम्ही खूश व्हायला हवं.”

त्याच्या हातातली संहिता मी हिसकावून घेतली. नाटक पुढच्या फेरीत गेलं, तरी मी परवानगी दिली नाही. संस्थेतले लोक घरी आले. पोरांची मेहनत वाया घालवताय म्हणाले, अहंकारी म्हणाले. मी दार लावून घेतलं.

नंतर आम्हीच ते गावात, मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात केलं. पडदा माझा. कामं करणारे कंपनीतले लोक आणि कँटीनमधल्या बायका. अक्का आधी नको म्हणत होती. शेवटी म्हणाली, “मंग दुसरी कोन म्हननार त्ये?”

तिला अभिनय येत नव्हता. तिनं नुसतं विचारलं, “माजी बोटं कुटं ठिवली?” आणि मागच्या रांगेतला एक तरुण फिस्सकन हसला. आमच्याच गावचा!

अक्का थांबली. पदराखालचा हात बाहेर काढून तिनं त्याला दाखवला. “का रं? तुजी आय कशी बोलती?”

हे संहितेत नव्हतं. तो मान खाली घालून बसला आणि अक्कानं पुढचं वाक्य घेतलं.

दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ‘धमाल ग्रामीण विनोदी नाटकाचा प्रयोग.’ मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, “बोलीभाषेतलं ना? मग विनोदीच असेल, म्हणून टाकलं.” त्यानं नाटक पाहिलंच नव्हतं. दुरुस्ती छापतो म्हणाला. अजून छापलेली नाही. मी दर आठवड्याला फोन करतो.