गाडीतला वाकडा दांडा

अन् फोनवर परत तेच. "मी काय म्हतारा शे का?" पुरे करा आता, आबा.

मित्रांनो, आबा म्हणजे माझे वडील, एरंडोलला असतात. मोरीत दोनदा पडले, तरी भिंतीला दांडा लावू देत नाहीत.

आज टोकियोत कामावर जाताना लोकल गाडीत एक आजोबा उठायला लागले. मी सवयीनं त्यांच्या काखेत हात घालायला गेलो. ते हसले अन् सीटजवळचा दांडा धरून आपले आपण उठले. हा दांडा सरळ नाही, बसलेल्याच्या हाताशी येईल असा मधे वाकवलाय. मागून शाळेची पोरंही तोच धरून उठली.

हा वाक कुणाला सुचला असेल?

मोठ्या भावाला फोटो टाकलाय, वेल्डिंगवाल्याकडून आपल्या मोरीसाठी तसाच करून घे म्हटलं. सोबत पाठवतोय अडीच हजार रुपये.