बाल्कनीतले गमबूट

मी कामावरून आले की कुणाशी न बोलता थेट आंघोळीला जाते, याचं सासूबाईंना भारी कौतुक. जर्मनीत, हायडेलबर्गला आमच्याकडे आल्यापासून पुण्याच्या प्रत्येक नातेवाइकाला त्यांनी फोनवर हे ऐकवलं होतं. "मीसुद्धा पाळत नाही इतकं सोवळं हिचं." झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसायचे. सूनबाई लॅबमध्ये काम करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

खरं म्हणजे आमचं काम जंगलाकडेच्या एका कुंपण घातलेल्या जागेत चालतं. तिथे मेलेली डुकरं उघड्यावर ठेवतात. ती किती कुजली, अळ्या किती वाढल्या, हे मी रोज जाऊन मोजते. माणसाच्या जागी डुक्कर, कारण इथे माणसं अशी ठेवत नाहीत. हे कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी त्या पितील का, याची मला धास्ती होती. त्या मला मनापासून आवडायच्या, म्हणून जास्तच.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी कामावरचे गमबूट धुवायचे राहिले. आंघोळ करून बाहेर आले, तर सासूबाई बाल्कनीत त्या बुटांजवळ उभ्या. माझी पाचावर धारण बसली.

"हा वास मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दादाला ओळखायला मीच गेले होते."

त्यांचा थोरला भाऊ घाटात बेपत्ता झाला होता आणि बऱ्याच दिवसांनी सापडला, एवढं मी ऐकून होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आल्झो, आई, डुकरं असतात," अशी गडबडून जर्मन शब्दानंच सुरुवात करून मी भराभर सगळं सांगून टाकलं.

"पण मोजून करता काय?"

"माणूस कोणत्या दिवशी गेला, ते साधारण सांगता येतं."

त्या पुन्हा बुटांकडे वळल्या. मला वाटलं, संपलं, उद्याचा स्वयंपाक आता त्या एकट्याच करणार.

"दादाची तिथी कुणालाच सांगता आली नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याचं पान सर्वपित्रीला वाढतो."

मग बादलीत पाणी घेऊन त्या स्वतःच माझे गमबूट घासायला बसल्या. मला रडूच फुटलं. मी बूट हातातून घ्यायला गेले, तर त्यांनी कोपरानं मला मागे सारलं.

"तुझी आंघोळ झालीय. माझी मी नंतर करीन. आणि उद्या दादाची खीर तू कर."