मित्राची सून

एका घरात वकिलांचे किस्से साठावेत तरी किती? आमच्याकडे वहिनीच्या नागरिकत्वासाठी वकील शोधण्याचेच इतके साठलेत की चार मित्र बसले की कोणीतरी म्हणतंच, "यार, तो किस्सा सांग ना." मी सांगतो. ते हसतात. मीही हसतो, पण मान खाली घालून.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. बाबा इकडं छत्तीसगढात स्टील प्लांटमधून रिटायर झाले, घर इथंच स्मृति नगरला. सुनंदावहिनी कराचीची. हो, तीच कराची. तिचे पणजोबा कोकणातून नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले, पण घरात अजून मराठीच बोलतात. ती नागपूरला मावशीकडे एका लग्नाला आली होती, तिथं दादानं पाहिली आणि जमलं. लग्न झालं त्याच दिवशी बाबांनी बजावलं, "कोणाले कराची-बिराची सांगू नका. बेळगावची म्हना."

वहिनी व्हिसावर राहायची. कायद्यानं लागतात तेवढी वर्षं भरली आणि वकिलाचा शोध सुरू झाला.

*

पहिला वकील दुर्ग कोर्टाजवळचा. ऑफिसात गर्दी. बाबा पुढं झुकून हळूच हिंदीत म्हणाले, एका मित्राच्या सुनेचं काम आहे, ती पाकिस्तानची आहे. वकिलानं पेन खाली ठेवलं. माणसं बरी आहेत ना, काही भानगड तर नाही, असं विचारू लागला. बाबांनी मित्राच्या घराची छातीठोक गॅरंटी दिली. मग वकिलाचं लक्ष शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या वहिनीकडे गेलं. "और आप?"

बाबा घाईघाईनं फाइल चाळू लागले.

वहिनी शांतपणे म्हणाली, "मैं दोस्त की बहू."

परत येताना ऑटोत कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

*

दुसरा निघाला मराठी. वहिनीचं बोलणं ऐकून एकदम खूश. म्हणाला, यांची मराठी तर आपल्यापेक्षा शुद्ध आहे, मग एवढ्या भानगडीत पडता कशाला? नागपूरचा जन्म दाखवू, आधार कार्ड काढून देणारा माणूस आहे आपला, कोण विचारतं?

खरं सांगतो, दादा विचारात पडला होता. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. वहिनीलाही दिसलं असणार.

ती म्हणाली, "घरी मी बेळगावची. आता कागदावर नागपूरची होऊ? कुठंतरी मला कराचीची राहू द्या."

वकील खूप हसला. आम्ही उठलो.

*

तिसऱ्यानं चहा मागवला, नाव-गाव विचारलं आणि एकदम गमतीत विचारलं, क्रिकेटची मॅच असते तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूनं?

"भारत, साहब. पूरा भारत," दादा ताडकन बोलला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

वकील वहिनीकडं बघतच राहिला. ती म्हणाली, "मैच के टाइम मैं चाय बनाती हूँ, साहब. सब के लिए."

खरंच होतं ते. प्रत्येक मॅचला आम्ही तिच्या हातचा चहा प्यायलो होतो. ती कधी बाहेर येऊन बसत नाही, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आलं.

*

शेवटी नेहरू नगरला एक वकीलबाई सापडली. खाली कोचिंग क्लास, वर तिचं ऑफिस. दादानं सगळं सांगायला सुरुवात केली, तर बाईनं हात वर करून थांबवलं. "नागरिकता किसको चाहिए, आपको?" मग आम्हा तिघांनाही बाहेर काढलं.

आम्ही जिन्यात बसलो. पोरं वह्या घेऊन आमच्यामधून ये-जा करत होती. तेवढ्यात आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

बाबा म्हणाले, "वकीलबाई हासून राहिली वाटते."

दादा म्हणाला, "नाही बाबा. सुनंदा आहे."

बाबांना तो आवाज ओळखूच आला नव्हता.

*

अर्ज गेला. चौकशीला माणूस आला, त्यानं शेजारच्या काकीला विचारलं. साहू काकी छत्तीसगढच्याच, आमच्या भिंतीला भिंत. त्यांनी ठणकावून सांगितलं की बहू बेलगाम की है. झालं! अर्जात कराची, शेजारी बेळगाव. वकीलबाई फोनवर बाबांना बोल बोल बोलली. एवढ्या वर्षांची वाट एका शब्दापायी वाया जाणार होती. आता तुम्हीच घरोघरी जाऊन खरं सांगा, म्हणाली.

बाबा आधी काकींकडं गेले. मी सोबत होतो. ओट्यावर उभं राहून त्यांनी कसंबसं सांगितलं. काकी भाजी निवडत होत्या, थांबल्याही नाहीत. त्यांना पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं. वहिनीनंच सांगितलं होतं.

बाबांनी विचारलं, मग त्या माणसाला बेळगाव का सांगितलं?

काकी म्हणाल्या, "आप मन ला लाज लागत रहिस, तेकर सेती."

तुम्हाला लाज वाटत होती ना, म्हणून.

बाबांनी तिथंच ओट्यावर बैठक मारली. पाणी मागितलं. मग उठून उरलेली घरं केली. काकींनीही आपला जबाब बदलून दिला.

*

सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी बाबांनी स्वतः गल्लीत पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगत होते, सून कराचीची आमची.

संध्याकाळी वहिनीनं कराचीला तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे मागं गर्दी करून उभे, तोंडात पेढे. वहिनीनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडून आई बराच वेळ बघत राहिली.

"छान झालं," ती म्हणाली. "म्हणजे आता माहेरी यायला तुला व्हिसा लागेल."

"हो, आई."

आई फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "इकडं एखादा वकील बघून ठेवू का गं?"